नवा हॅम्स्टर माणसाळतो आणि पुन्हा बिथरतो: कारण कसं शोधायचं, हात कसा द्यायचा

दोन रात्री हातावरून बी घेतली आणि तिसऱ्या रात्री तोच हात दिसताच दात कटकटवत बिळात शिरला. नवा हॅम्स्टर आणलेल्या घरांतली ही नेहमीची तक्रार. यावर बहुतेक जण हातात घ्यायचा सराव वाढवतात आणि प्रकरण आणखी चिघळतं. आमच्या मते पुन्हा पुन्हा बिथरणाऱ्या हॅम्स्टरची खोट क्वचितच सरावात असते. दिवसाच्या उरलेल्या तेवीस तासांत त्याच्याभोवती काय चालतं, तिथे ती सापडते: पिंजरा, वास, आवाज, उकाडा आणि साफसफाई. म्हणून आधी तपास करा, सराव त्यानंतर.

हॅम्स्टर हा मुळात दुसऱ्याचं भक्ष्य असलेला प्राणी. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला आजूबाजूचं आणि वरचं बरंच दिसतं, पण अंधुक. खोलीचा अंदाज त्याला जवळपास नसतोच. लाल डोळ्यांच्या पांढऱ्या हॅम्स्टरची नजर तर आणखी कमजोर. जगाची खबर त्याला नाकातून आणि कानांतून मिळते, आणि आपल्याला ऐकू न येणारे उंच पट्टीचे आवाजही त्याला ऐकू येतात. वरून खाली येणारा हात त्याच्या लेखी शिकारी पक्षी असतो. दुकानात दहा-बारा पिल्लांच्या गर्दीतून त्याला असंच वरून झडप घालून उचललेलं असतं, त्यामुळे माणसाच्या हाताची त्याची पहिली ओळखच वाईट असते.

आधी पाच-सहा रात्रींची नोंद करा

एका वहीत एवढंच लिहा: किती वाजता हात घातला, तो तेव्हा काय करत होता, त्याआधीच्या चोवीस तासांत घरात काय वेगळं घडलं, आणि तो कसा वागला. पाहुणे, फरशी पुसणं, शेजारच्या फ्लॅटमधलं ड्रिलिंग, नवा साबण, पिंजऱ्याची सफाई, सगळं लिहा. आठवड्याभरात काहीतरी सूत्र हाती लागतं. "रविवारी पिंजरा धुतला की सोमवार-मंगळवार चावतो" हे सूत्र इतक्या घरांत निघतं की सुरुवात तिथूनच करू.

साफसफाईनंतर बिथरतो

हॅम्स्टरचं घर म्हणजे त्याचा वास. सिरियन, म्हणजे मोठ्या जातीच्या, हॅम्स्टरच्या दोन्ही कुशींवर वासाच्या ग्रंथी असतात. केसांत लपलेले ते दोन काळसर ठिपके पाहून गोचीड किंवा जखम समजून घाबरू नका. बुटक्या (ड्वार्फ) जातींची ग्रंथी पोटावर असते. या ग्रंथी घासून तो पिंजऱ्याचा कोपरान् कोपरा आपला करत असतो. आपण सगळा बिछाना फेकून, टब डिटर्जंटने घासून, नवा भुसा भरून त्याला परत आत सोडतो तेव्हा आपल्याला ते स्वच्छ घर वाटतं. त्याच्यासाठी ती एक परकी जागा असते. साठवलेलं धान्य गेलेलं, घरटं गेलेलं. अशा वेळी आत येणाऱ्या पहिल्या हाताला तो चावला नाही तरच नवल.

उपाय सोपा आहे. पूर्ण सफाई बंद करा. हॅम्स्टर बहुतेक वेळा लघवीसाठी एकच कोपरा धरतो. तेवढा ओला भाग दोन-तीन दिवसांआड चमच्याने काढून तिथे कोरडा बिछाना टाका. महिन्यातून एकदा बिछान्याचा एक तृतीयांश भाग बदला, जुना कोरडा भाग नव्यात मिसळा आणि घरट्याला हात लावू नका. त्याचा धान्याचा साठा जिथे होता तिथेच राहू द्या. काकडी किंवा भाजीचा तुकडा कुजत असेल तेवढाच काढा आणि त्या जागी चार दाणे ठेवा. चाक धुवायचं असेल तर त्या आठवड्यात बाकी काही धुऊ नका. धुण्यासाठी गरम पाणी पुरतं. फार डाग असतील तर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घाला आणि वास जाईपर्यंत वाळवा.

पावसाळ्यात मात्र लक्ष वाढवावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेने जाड बिछान्याचा तळ आतून दमट होतो आणि बुरशी धरतो, वरून काही कळत नाही. आठवड्यातून एकदा बोटांनी खालपर्यंत चाचपून बघा. कुबट वास किंवा ओल लागली तर तेवढाच थर काढा.

पिंजरा लहान असेल तर सराव फुकट जातो

दुकानात हॅम्स्टरसोबत गळ्यात मारले जाणारे रंगीत तारांचे पिंजरे बहुधा फूट-सव्वा फुटाचे असतात. त्यात चाक, घर आणि बाटली ठेवली की तुमचा हात शिरल्यावर त्याला मागे सरकायला जागाच उरत नाही. पळता येत नसलेला प्राणी चावतो. गज कुरतडणं, छताला लटकणं, एकाच कोपऱ्यात येरझारा घालणं ही याच कोंडमाऱ्याची लक्षणं. हे करणाऱ्या हॅम्स्टरला माणसाळवायचा प्रयत्न आधी थांबवा आणि जागा वाढवा.

एकट्या हॅम्स्टरला सलग तळ किमान 100 सेंटिमीटर बाय 50 सेंटिमीटर हवा, म्हणजे साधारण सव्वातीन फूट बाय पावणेदोन फूट. तळमजला आणि माळा मिळून होणारी जागा यात धरू नका. वन रूम किचनमध्ये एवढी जागा कुठून आणायची, हा प्रश्न रास्त आहे. टेबलाखालची किंवा दिवाणाशेजारची जमिनीवरची जागा चालते. क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या फिशटँकवाल्यांकडे या मापाची काचेची टाकी करून मिळते. जुनी, गळणारी टाकीही चालेल. वर काचेचं झाकण अजिबात नको, तारेची जाळी बसवा. मोठा प्लास्टिकचा साठवणीचा डबा घेतलात तर झाकणाचा आणि एका बाजूचा मोठा भाग कापून तिथे बारीक जाळी ठोका. बाजूला दार करता आलं तर फारच चांगलं, कारण मग हात वरून आत जात नाही.

बिछाना एका अर्ध्या भागात तरी 20 ते 25 सेंटिमीटर खोल हवा. बीळ खणता येणारा हॅम्स्टर जास्त धीट होतो, कारण लपायची जागा कायम हाताशी असते. कागदी बेडिंग किंवा अॅस्पेन लाकडाचा भुसा घ्या. सुताराकडचा फुकटचा भुसा टाळा. तो कोणत्या लाकडाचा आहे कळत नाही, धूळ फार असते, आणि पाइन किंवा देवदाराचा असेल तर त्याच्या वासाने श्वासाचा त्रास होतो. घरट्यासाठी बिनवासाचा टॉयलेट पेपर फाडून द्या. कापूस मात्र कधीच देऊ नका. त्याचे धागे पायांना गुंडाळून रक्त अडवतात आणि पोटात गेले तर आतडं बंद करतात.

चाक सिरियनसाठी सुमारे 28 सेंटिमीटर व्यासाचं, बुटक्यांसाठी 20 सेंटिमीटरचं. धावताना पाठ सरळ राहिली पाहिजे. लहान चाकावर ती रोज उलटी वाकते, दुखते, आणि दुखऱ्या पाठीला बोट लागलं की तो कचकन चावतो. "पाठीवरून हात फिरवला की चावतो, बाकी बरा असतो" अशा तक्रारीत आधी चाक मोजा.

वाळूचं भांडं ठेवलंत तर तो स्वतःला साफ ठेवतो आणि शांतही होतो. बारीक रेती चाळून, स्वच्छ धुऊन, जुन्या कढईत कोरडी भाजून गार करा. चौपाटीची वाळू खारट आणि घाण असते, ती आणू नका. पाण्याने आंघोळ तर कधीच घालू नका.

काही बदललं नाही, तरी रोज घाबरतो

मग आवाज आणि वास शोधा. सगळ्यात आधी भिंतीवरच्या सॉकेटकडे बघा. उंदीर-झुरळं पळवण्यासाठी लावलेलं अल्ट्रासॉनिक यंत्र मुंबईच्या कितीतरी घरांत चोवीस तास चालू असतं. आपल्याला ते निःशब्द वाटतं, पण ज्या आवाजाने उंदराला त्रास व्हावा अशी अपेक्षा असते, तो हॅम्स्टरलाही ऐकू येतो. ते काढा. त्यानंतर टीव्ही, स्पीकर, वॉशिंग मशीन आणि फ्रिज यांच्यापासून पिंजरा दूर न्या. मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्या असलेल्या स्वयंपाकघरात तो नकोच. खिडकीलगतही नको. ऊन येतं, आणि जाळीवर बसणारा कावळा किंवा शेजारचं मांजर त्याला दिवसभर दडपणात ठेवतं.

वासाचं म्हणाल तर फिनाईल, रूम फ्रेशनर, अगरबत्ती, मच्छर कॉइल, परफ्यूम, सॅनिटायझर हे सगळं त्याच्या नाकाला भडक आहे. कामाला येणाऱ्या मावशींना सांगून ठेवा: पिंजऱ्याभोवती पाच-सहा फूट नुसत्या पाण्याने पुसा आणि झाडू पिंजऱ्याला आपटू देऊ नका. पेस्ट कंट्रोल होणार असेल तर हॅम्स्टरला त्या दिवशी दुसऱ्या घरी न्या आणि डॉक्टरांनी किंवा कंपनीने सांगितलेल्या वेळेआधी परत आणू नका.

गणपतीतले ढोल-ताशे आणि दिवाळीचे फटाके आपल्या हातात नाहीत. चार दिवस आधीच पिंजरा रस्त्यापासून लांबच्या, आतल्या खोलीत हलवा. ऐन आवाजात हलवलं तर दुप्पट भीती बसते. बिछाना आणखी खोल करा, घरट्यासाठी जास्त कागद द्या आणि ते दिवस सराव पूर्ण बंद ठेवा. पिंजऱ्यावर जाड चादर मात्र टाकू नका, हवा कोंडते.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये चिडका होतो

हॅम्स्टरला साधारण 18 ते 26 अंश सेल्सिअस मानवतं. 30 च्या वर दमट हवेत तो थकतो, अंग पसरून पोटावर पडून राहतो आणि कुणी हात लावलेला त्याला नको असतो. काचेच्या टाकीत तापमान खोलीपेक्षा वर जातं, म्हणून एक साधा थर्मामीटर पिंजऱ्याच्या आत लावा. पिंजऱ्यात फरशीचा एक तुकडा आणि मातीची छोटी कुंडी आडवी ठेवा. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टाकीच्या बाहेरून टेकवा. पंखा किंवा एसीचा झोत थेट अंगावर नको. उन्हाळ्यात सराव रात्री उशिरा करा, आणि तो लोळत पडला असेल त्या दिवशी करूच नका. धापा टाकत असेल, तोंडाशी लाळ असेल, लडखडत असेल तर हा उष्माघात आहे. गार जागी न्या, गार पाण्याने पाय आणि कान ओलसर करा आणि डॉक्टरांकडे पळा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

आता हाताचा सराव

वरचं सगळं जागेवर आलं की सराव सुरू करा. वेळ रात्री नऊ ते अकरा. तो आपणहून बाहेर आल्यावरच. लोकलने उशिरा घरी येणाऱ्यांच्या ही वेळ पथ्यावरच पडते. झोपेतून उठवलेला हॅम्स्टर माणसाळत नाही. शाळेतून आलेल्या मुलांना दुपारी चार वाजता तो हवा असतो, आणि नव्या हॅम्स्टरचे पुष्कळसे चावे तिथेच होतात. मुलांना हे आधीच स्पष्ट सांगा. खोलीत एकच मंद पिवळा दिवा ठेवा.

पहिले तीन ते सात दिवस फक्त अन्न आणि पाणी. पिंजऱ्याजवळ बसून हळू आवाजात बोला, रोज तेच दोन-चार शब्द. बिनवासाचा टिश्यू पेपर तासभर मुठीत किंवा खिशात ठेवा आणि मग घरट्याजवळ टाका. त्याने तो उचलून घरट्यात नेला तर तुमचा वास त्याच्या अंथरुणात पोहोचला. हे पाऊल बहुतेक जण वगळतात आणि नंतर पस्तावतात.

मग हात. आधी बिनवासाच्या साबणाने धुवा, दरवेळी त्याच साबणाने. बोटांना भजी, बोंबील, चीज यांचा वास असेल तर तो बोट खाऊन बघणार, त्यात त्याचा दोष नाही. तळहात वर करून, घरट्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, बिछान्यावर टेकवून ठेवा. दहा मिनिटं हलवू नका. त्याच्यामागे नेऊ नका, दार अडवू नका. पहिल्या रात्री तो बघून पळेल. पुढे मिशा थरथरवत बोटांच्या टोकाशी येईल, हुंगेल आणि झटकन मागे जाईल. इथे लोक आनंदाने बोट हलवतात आणि दोन रात्रींची कमाई घालवतात. श्वास सोडा, पण हात तसाच ठेवा.

तो बोटांपाशी थांबू लागला की खाऊ ठेवा. आधी बोटांच्या टोकावर, मग तळहाताच्या मध्यावर, मग मनगटावर, म्हणजे चारही पाय हातावर आल्याशिवाय खाऊ मिळत नाही. भोपळ्याची किंवा सूर्यफुलाची बिनमिठाची बी उत्तम, पण दिवसाला एक-दोनच. त्या तेलकट असतात. मटाराएवढा काकडीचा तुकडा, चिमूटभर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, दोन-चार ओट्स, एखादी सुकी मीलवर्म अळी हेही चालतं. सुरुवातीला खाऊ असा निवडा की तो गालात कोंबून पळता येणार नाही. अंडं किंवा काकडी जागेवर बसून खावी लागते आणि तेवढा वेळ तो हातावर राहतो. बुटक्या जातींना, विशेषतः कॅम्पबेलला, मधुमेहाचा धोका असतो, म्हणून त्यांना फळं नकोत. चॉकलेट, कांदा, लसूण, संत्रं-मोसंबी, कच्चा बटाटा आणि फरसाण कुणालाच नको.

एकाच पायरीवर सलग तीन रात्री तो निवांत दिसला तरच पुढची पायरी. निवांत म्हणजे कान उभे, हालचाल संथ, हातावर बसून तोंड धुणं. कान मागे चिकटलेले, अंग जमिनीला दाबलेलं, एकदम थिजून जाणं, चिरचिर आवाज, दात कटकटवणं, तोंड उघडून पाठीवर पडणं, हे सगळं "थांब" म्हणणं आहे. थिजलेल्या हॅम्स्टरला लोक शांत झालेला समजतात आणि उचलतात. पुढचा चावा त्यातूनच येतो.

उचलताना दोन्ही हातांची ओंजळ समोरून आणि खालून न्या, अंगठे वर आणू नका. बिछान्यापासून दोन-तीन सेंटिमीटर वर, दोन सेकंद, आणि परत खाली. दुसऱ्या रात्री पाच सेकंद. मानेची कातडी चिमटीत धरून कधीही उचलू नका. जोरात ओढली गेली तर डोळे बाहेर येण्यापर्यंत इजा होऊ शकते. हातमोजेही नकोत. जाड मोज्यात दाब कळत नाही, वास परका असतो, आणि मोजा काढल्यावर त्याला तुमचा हात पुन्हा नव्याने ओळखावा लागतो.

पिंजऱ्याबाहेर आणताना

काही हॅम्स्टर बाहेर अगदी गोड वागतात आणि पिंजऱ्यात हात घातला की तुटून पडतात. यात हद्दीचा भाग असतो, मादी सिरियनमध्ये तर जास्तच. अशांना पिंजऱ्यात हाताने उचलायचा हट्ट सोडा. प्लास्टिकचा मग किंवा सात-आठ सेंटिमीटर रुंद पुठ्ठ्याची नळी आडवी ठेवा, आत एक बी टाका, तो शिरला की दोन्ही तोंडांवर हात धरून बाहेर आणा. रोज तोच मग किंवा तीच नळी वापरा, न धुता.

परदेशी व्हिडिओंत कोरड्या बाथटबमध्ये बसून सराव करतात. आपल्याकडची न्हाणी त्यासाठी बरी नाही. ओल असते, फिनाईलचा वास असतो आणि नहाणी ट्रॅपची जाळी सैल असली तर तो थेट पाइपात जातो. त्यापेक्षा हॉलच्या कोपऱ्यात जुनी चादर अंथरा आणि टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून 45 सेंटिमीटर उंचीचं कुंपण उभं करा. आत त्याचं लपायचं घर, वाळूचं भांडं आणि दोन नळ्या ठेवा, आणि मांडी घालून तुम्ही स्वतः आत बसा. तो तुमच्या मांडीवर चढेल, बाहीत शिरेल. पहिले तीन-चार दिवस त्याला हात लावू नका, फक्त जागेवर बसा. सुरुवातीला दहा मिनिटं, नंतर अर्धा तास. पंखा मंद, दार बंद, घरात सगळ्यांना सांगून. हे रोज केलं की पिंजऱ्यातल्या सरावापेक्षा प्रगती भराभर होते. पुठ्ठ्याचं खोकं फुकट मिळतं, म्हणून खर्चाची सबबही नको.

बाहेरचा प्रत्येक सराव जमिनीवर बसूनच. कॉट, सोफा, टेबल नाही. उंचीचा अंदाज नसल्यामुळे तो हातावरून सरळ हवेत चालत जातो आणि कमरेच्या उंचीवरून पडला तरी पाय किंवा पाठीचा कणा मोडू शकतो.

चावलाच तर

हात झटकू नका. झटकल्याने तो उडून आपटतो आणि दातांनी जखमही लांब फाटते. हात सावकाश जमिनीला टेकवा, बहुतेक वेळा तो स्वतःच सोडतो. तोंडावर फुंकर मारणं, टिचकी मारणं, ओरडणं यातून तो फक्त एवढंच शिकतो की तुम्ही खरंच धोकादायक आहात. लगेच पिंजऱ्यात नेऊ नका, एक-दोन मिनिटं तिथेच शांत बसू द्या, नाहीतर चावलं की सुटका होते हे त्याच्या पक्कं ध्यानात राहतं. दुसऱ्या रात्री एक पायरी मागे जा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवा. चावा खोल असेल किंवा धनुर्वाताचं इंजेक्शन बरेच दिवस झालं नसेल तर डॉक्टरांना दाखवा. रक्त न काढता बोट हलकेच कुरतडणं हा चावा नसतो, तो चाचपून बघतो. त्या वेळी बोट मागे न घेता मूठ सैल मिटून पुढे ठेवा.

आणखी तीन कारणं, जी लवकर ध्यानात येत नाहीत

दुकानदाराने "जोडी" दिली असेल तर पहिली गोष्ट, दोघांना वेगळं करा. सिरियन हॅम्स्टर वयात आला की एकटाच राहतो. एकत्र ठेवले तर मरेपर्यंत भांडतात, आणि भांडण रात्री होत असल्याने आपल्याला सकाळी फक्त एक घाबरलेला, जखमी प्राणी दिसतो. नुसतं वेगळं केल्यावर आठवड्यात माणसाळायला लागलेले हॅम्स्टर पुष्कळ असतात.

नवी मादी एकाएकी आक्रमक झाली, भराभर कागद गोळा करून मोठं घरटं बांधू लागली, पोट दोन्ही बाजूंनी फुगलं, तर ती दुकानातूनच गाभण आली असण्याची शक्यता धरा. तिथे नर-मादी एकत्र असतात. सिरियनचा गर्भकाळ अवघा 16 दिवसांचा, बुटक्यांचा 18 ते 21 दिवसांचा. म्हणून घरी आल्यापासून तीन आठवडे ही शंका जागी ठेवा. पिल्लं झाली तर दोन आठवडे घरट्याला हात लावू नका आणि सफाई करू नका. फक्त पाणी आणि वाढीव अन्न, त्यात रोज थोडं अंडं. घरट्याशी छेडछाड झाली तर आई पिल्लं खाऊनही टाकू शकते.

आणि जात. अंगठ्याएवढा, वाऱ्यासारखा पळणारा रोबोरोव्स्की असेल तर तो ओंजळीत शांत बसेल ही अपेक्षाच सोडा. पुष्कळसे रोबोरोव्स्की हातावरून खाऊ घेतात, अंगावरून धावतात आणि तेवढ्यावरच थांबतात. त्यांच्यासाठी तेच माणसाळणं. मुलांना हातात धरायला प्राणी हवा असेल तर सिरियन घ्यावा, हे आधीच सांगणारे दुकानदार मात्र फार कमी.

हे दिसलं तर सराव नाही, डॉक्टर

शेपटीखालचा भाग ओला, पातळ घाण वास येणारी शी, अंग आकसून बसणं, न खाणं. हा वेट टेल नावाचा जुलाबाचा आजार, दुकानातून नुकत्याच आलेल्या पिल्लांत ताणामुळे उफाळतो आणि एक-दोन दिवसांत जीव घेतो. सकाळपर्यंत थांबू नका. श्वासाला कटकट आवाज, एक डोळा चिकटलेला, गालाची एकच बाजू दिवसभर फुगलेली, दात वाढून वाकलेले, ही सगळी दुखणी चावऱ्या स्वभावाच्या नावाखाली लपून राहतात. दर आठवड्याला मगात बसवून किचनच्या काट्यावर वजन करा. पूर्ण वाढलेला सिरियन साधारण 100 ते 200 ग्रॅम भरतो. आठवड्यात दहावा हिस्सा घटला तर दाखवायलाच हवं.

घरातलं माणसाचं अँटिबायोटिक चुकूनही देऊ नका. पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिनने हॅम्स्टरच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि त्याने तो दगावतो. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर हॅम्स्टर बघत नाहीत, म्हणून प्राणी आणला त्याच आठवड्यात, तो ठणठणीत असताना, जवळपासच्या दोन-तीन दवाखान्यांना आणि परळच्या प्राण्यांच्या रुग्णालयात फोन करून कोण बघतं ते विचारून नंबर फ्रिजवर चिकटवा. नेताना त्याच्याच जुन्या बिछान्याने अर्धा भरलेला, भोकं पाडलेला डबा घ्या, पाण्याच्या बाटलीऐवजी काकडीचा तुकडा ठेवा, आणि भर गर्दीच्या लोकलऐवजी सकाळी लवकर रिक्षा-टॅक्सीने जा. घरी परतल्यावर दोन दिवस हात नाही, आणि नंतरचा सराव पुन्हा टिश्यू पेपरपासून.